डाव्या हाताला कोण?

दत्ता गेल्याचा फोन आला तेव्हा मी नवीन जालन्यात बँकेच्या रांगेत उभा होतो, मी जिवंत आहे हे सिद्ध करायला. नोव्हेंबरात आम्हा पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. यंत्रावर अंगठा ठेवायचा, यंत्राने हो म्हटलं की पुढचं वर्षभर आपण जिवंत. माझा अंगठा काही केल्या उमटत नव्हता. सगळी नोकरी चित्रकला शिकवण्यात गेली. रंग, खडू आणि टर्पेंटाइनने बोटांच्या रेषा पार झिजवून टाकल्यात. "सर, आणखी एकदा... जरा दाबून ठेवा," काउंटरवरची मुलगी म्हणत होती, मागचे लोक चुळबुळत होते आणि खिशात फोन वाजत होता. दत्ताच्या मुलीचा, रेवतीचा. "काका, बाबा गेले... सकाळी दाढी करता करता..." एवढंच तिला बोलता आलं. मी म्हणालो, "बरं." चाळीस वर्षांचा मित्र गेल्यावर माणूस 'बरं' म्हणतो? मी म्हणालो. मग पुन्हा अंगठा ठेवला आणि या खेपेला यंत्र हो म्हणालं.

त्याला आता सहा आठवडे झाले. या सहा आठवड्यांत मी एका जागी धड दहा मिनिटं बसलेलो नाही. स्कूटर काढतो, स्टेशनपर्यंत जातो, तिथं काही काम नसतं, परत येतो. बायको म्हणते, तुमच्या पायाला भिंगरी लागलीय. लागलीय खरी. मित्र गेल्याचं दुःख असतं तर एव्हाना जरा निवलं असतं, पण हे नुसतं दुःख नाही. दत्ताचं एक काम माझ्याकडून राहिलं होतं. राहिलं होतं म्हणजे मी ते राहू दिलं होतं, जाणूनबुजून, आणि तो गेल्यावर ते करावं की करू नये हे पहिले पंधरा दिवस मला काही ठरवता आलं नाही.

दत्ता मूळचा कुंभार पिंपळगावचा, चांगल्या बागायतदार घरातला धाकटा मुलगा. शेतीत मन रमेना म्हणून जालन्यात येऊन स्टेशनजवळ फोटो स्टुडिओ टाकला. त्याचे वडील येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "आमचा दत्ता काळी माय सोडून लोकाच्या माना सरळ करायला गेलाय." पासपोर्ट फोटो, लग्नं, आणि बियाणे कंपन्यांच्या कॅलेंडरसाठी वांगी, भेंड्या, टरबुजं. वांग्यावर पाण्याचे थेंब बसावेत म्हणून तो त्याला आधी तेलाचा हात लावायचा, आणि ते इतक्या मायेने, की मी म्हणायचो, अरे, एवढं तर बायकोच्या डोक्याला लावलं नसशील. आमची ओळखही भांडणातूनच झाली. शाळेत ओळखपत्रांचे फोटो काढायला आला होता आणि पोरांना उन्हाकडे तोंड करून उभं करत होता. मी म्हणालो, डोळे मिचमिचे येतील, सावलीत घ्या. तो म्हणाला, "मास्तर, तुम्ही पेन्सिल बघा, मी कॅमेरा बघतो." फोटो आले तेव्हा अख्खी सातवीची तुकडी डोळे मिटून होती. दुसऱ्या दिवशी येऊन त्याने सगळे परत काढले, सावलीत, आणि मला चहाला घेऊन गेला. तेव्हापासून मी त्याचा 'मास्तर'.

जुन्या जालन्यातली नदीकडची पिंजार गल्ली रस्ता रुंदीकरणात जाणार, अशी बातमी आली आणि भिंतींवर लाल रंगाच्या फुल्या पडल्या. गल्ली म्हणजे काही फार मोठी नव्हे, पस्तीसेक घरं. गाद्या भरणारे पिंजारी, एक कलईवाला, विड्या वळणाऱ्या बायका, एक पिठाची गिरणी. दत्ता सकाळी सकाळी माझ्या दारात येऊन उभा राहिला. "मास्तर, गल्ली जाऊन राह्यली. चल जल्दी." मी म्हणालो, फोटो तुला काढायचेत, मी कशाला? तेव्हा तो जे बोलला ते मला अजून पटतं. "फोटोत घर येतं, शेजार येत न्हाई. शेजार तू काढ." म्हणजे त्याने एकेक घर टिपायचं आणि मी अख्ख्या गल्लीचा नकाशा काढायचा, कुणाचा ओटा कुणाच्या भिंतीला लागून, कुणाचं पाणी कुणाच्या दारावरून, असं सगळं. मला तिथलं ठाऊक होतं, म्हणून मी. कसं ठाऊक होतं, ते पुढे येईलच.

दोन हिवाळे आम्ही तिथं जात होतो. दत्ताची रीत ठरलेली होती. फोटो काढून झाला की तो घरच्या माणसाला एकच प्रश्न विचारायचा, "तुमच्या डाव्या हाताला कोण?" दाराकडे पाठ करून उभं राहायचं आणि डाव्या बाजूला कोण राहतं ते सांगायचं. मिळालेलं उत्तर तो जसंच्या तसं फोटोच्या पाठीवर पेन्सिलने लिहायचा, आणि मग आम्ही त्या डाव्या हाताच्या घरी जायचो. अशी घरामागून घरं ओवली जात होती. रशीदचाचा पिंजारी म्हणाले होते, "लेफ्ट में कलईवाला. उसकी बकरी मेरी रुई खाती, ये भी लिखो." दत्ताने तेही लिहिलं. कलईवाल्याला कळलं तेव्हा त्याने स्वतःच्या फोटोमागे लिहून घेतलं की बकरी रुई खात नाही, चाचाच तिला गुळाची सवय लावतात. मी हसून हसून बेजार व्हायचो, आणि दत्ता मात्र कोर्टातल्या कारकुनासारखा गंभीर.

असं करत करत आम्ही शेवटच्या घराशी आलो. ते राधाकाकूंचं. मोठी मायाळू बाई. मला पाहून म्हणाल्या, "सर, बसा की वर, चहा टाकते." चहा झाला, दत्ताने त्यांचा ओट्यावरचा फोटो काढला आणि विचारलं, "काकू, तुमच्या डाव्या हाताला कोण?" काकूंनी डावीकडे पाहिलंसुद्धा नाही. अगदी सहज, मनात काही नसताना म्हणाल्या, "डाव्या हाताला कोणी न्हाई बाबा. तिथं नाली हाय. गल्ली संपली."

डाव्या हाताला, नालीच्या पलीकडे, वीस पावलांवर आमचं घर होतं. माझा जन्म त्याच घरातला. पत्र्याचं, कुलूप लागलेलं, आई गेल्यापासून रिकामं. त्याच्या पुढे ओळीने आणखी दहा घरं, सगळी आमच्याच लोकांची. माझ्या वडिलांनी धर्म बदलला, आम्ही बौद्ध झालो, शिकलो; नाली मात्र होती तिथंच राहिली. आणि खरं सांगायचं तर आम्हीसुद्धा आमच्या बाजूला गल्ली म्हणत नव्हतो. 'गल्ली' म्हणजे त्यांची. आई ओरडायची ती, "गल्लीत गेल्तास का रं?" अशीच. आमच्या बाजूला नावच नव्हतं, नुसतं 'इकडं'.

दत्ता माझ्याकडे बघत होता. मी ड्रॉइंग बोर्डवर मान घातली आणि राधाकाकूंच्या भिंतीपाशी नालीची रेघ ओढली. नकाशा तिथं बंद केला. का केला? सहा आठवडे हाच प्रश्न मी स्वतःला विचारतोय. काकूंचा चहा पोटात होता म्हणून? की आयुष्यभर घासून मिळवलेलं 'सर' त्या रेघेपलीकडे गेलं की सांडेल असं वाटलं म्हणून? अख्ख्या गावाला माहीत होतं मी कुठला ते. तरी भिंतीवर टांगलेल्या कागदावर ते दिसू नये असं मला वाटलं. मला लाज वाटली. माझ्या घराची लाज वाटली, आणि हे लिहिताना आता त्या वाटण्याची वाटते.

गल्ली पडली. आमची बाजूही पडली. त्यानंतर दत्ताने एका शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन मांडलं. मधल्या भिंतीवर माझा नकाशा, भोवती त्याचे फोटो. गल्लीतली माणसं कुठून कुठून आली. नकाशावर बोटं ठेवून भांडत होती, "आमचा ओटा एवढा बारीक नव्हता," "गिरणीच्या दाराला दोन पायऱ्या होत्या." रशीदचाचा रडत होते. अंकुशनगरहून माझी थोरली बहीण शेवंताआक्का आली होती. तिचे यजमान तिथं साखर कारखान्यात होते. आक्काला फारसं वाचता येत नाही, पण नकाशा तिला बरोबर कळला. तिने रशीदचाचांच्या घरावर बोट ठेवलं आणि एकेक घर पुटपुटत ती राधाकाकूंपर्यंत आली. बोट पुढे सरकलं आणि कागदाच्या काठावरून भिंतीवर गेलं. ती थांबली. मागे वळून म्हणाली, "भग्या, आपलं घर कुठंय रं?"

मी म्हणालो, "कागद पुरला न्हाई, आक्का."

तिने मान हलवली. "मंग बरोबर हाय," म्हणाली. कागद महाग असतो हे तिला पटलं. दत्ता शेजारीच उभा होता, त्याने सगळं ऐकलं.

हॉल रिकामा झाल्यावर त्याने मला गाठलं. म्हणाला, नालीपलीकडची अकराही घरं पाडायच्या आधी मी टिपून ठेवलीत, तू येत नव्हतास म्हणून एकटाच गेल्तो, फोटो तयार आहेत, तू फक्त नकाशाला जोड. माझं डोकं फिरलं. मी नको ते बोललो. "पाटलाच्या पोरानं मला माझं घर दाखवायची गरज न्हाई. तुझ्या पिंपळगावात कोण कुठं राहतं ते काढ आधी," असं काहीसं. त्याचा चेहरा पडला. मला तेव्हा त्यात समाधान वाटलं होतं, हेही लिहून टाकतो. बोललो ते सगळंच खोटं नव्हतं. माझं दुखणं त्याच्या कॅमेऱ्यात असावं आणि माझ्या कागदावर नसावं, याचा मला राग होता. पण तो राग स्वतःवर काढायचा सोडून मी त्याच्यावर काढला.

चार महिने आम्ही बोललो नाही. मग एक दिवस तो मंडईत वांगी निवडताना दिसला, कॅलेंडरसाठी, आणि मी न राहवून म्हणालो, ते डाव्या बाजूचं घे, देठ चांगलं आहे. पुन्हा चहा सुरू झाला, पुन्हा भांडणं, पुन्हा 'मास्तर'. फक्त नकाशाचा विषय दोघांनीही काढला नाही. जाण्याच्या आठ दिवस आधी मात्र तो घरी आला, तेव्हा काखेत खाकी पाकीट होतं. टेबलावर ठेवून म्हणाला, "एकदा बघ तरी." मी पाकिटाला हात लावला नाही. म्हणालो, "चहा घे, दुसरं बोल." त्याने चहा घेतला. दुसरं बोलला, गुडघे, नात, यंदाचा कापूस. उठताना पाकीट परत काखेत मारलं आणि जिना उतरला. तीच आमची शेवटची भेट.

तेरावं झाल्यावर दोन दिवसांनी मी स्टुडिओत गेलो आणि दत्ताच्या बायकोकडे, वहिनींकडे, पाकीट मागितलं. त्यांनी काही न विचारता काढून दिलं. अकरा फोटो. एकेका फोटोमागे त्याचं अक्षर. ती माणसं आता कुठं कुठं पांगलीत, कुणी परतूरला, कुणी पुण्याला. त्याने हुडकून, फोन करून प्रत्येकाला डाव्या हाताचा प्रश्न विचारलेला होता. आमचं घर बंद होतं, तिथं विचारायला कुणी नव्हतं. त्या फोटोमागे लिहिलं होतं, 'डाव्या हाताला – मास्तरला विचारणे.'

मी दुसऱ्याच दिवशी अंकुशनगरला जाऊन आक्काला घेऊन आलो. आधी तिला खरं सांगितलं. उसाच्या ट्रॅक्टरमागे गाडी अडकली होती, तेव्हा सांगितलं, की कागद पुरला होता. मीच काढलं नव्हतं. आक्का खिडकीतून बाहेर बघत होती. तिकडेच बघत म्हणाली, "मला वाटलंच. एवढा मोठा कागद, अन् नेमका आपल्यालाच संपला?" एवढंच. त्यावर मला तिने एक शिवी जरी दिली असती तरी बरं वाटलं असतं.

जुन्या जालन्यात आता तिथं रुंद रस्ता आहे, मधे दुभाजक, त्यात कोमेजलेली झाडं. मला काहीच ओळखू येईना. आक्का मात्र पदर खोचून थेट रस्त्यात उतरली. नाली आता फरशांखाली गेलीय. तिने एका फरशीच्या फटीला कान लावला, आवाज ऐकला आणि तिथून पावलं मोजायला सुरुवात केली. एक ऑटोवाला भोंगा वाजवून वाजवून दमला. "मावशी, बाजूला व्हा ना!"

"तूच हो बाजूला," आक्का म्हणाली, "तू माझ्या चुलीवर उभा राह्यलास."

तो बिचारा खरंच मागे सरला. मी पायाखाली बघितलं आणि वहीत खूण केली. अशी अकरा घरं तिने मला त्या रहदारीत लावून दिली, दारं कुठं तोंड करून होती, कुणाच्या अंगणात शेवगा होता. आमच्या डाव्या हाताला गयाबाई, केळी विकणारी. मी ते विसरलो होतो.

एवढा मोठा कागद पसरायला माझ्या घरात जागा नाही, म्हणून वहिनींनी स्टुडिओ उघडून दिला. आत अजून त्याचा वास आहे. फोटो धुवायच्या हायपोचा, तंबाखूचा आणि कॅलेंडरच्या वांग्यांच्या तेलाचा. फोटो कापायच्या त्याच्या लांब टेबलावर मी कागद ठेवला, पण त्याच्या स्टुलावर बसायला धजेना, उभ्यानेच काढत राहिलो. जुन्या नकाशाला जोड द्यायची नाही, असं मी ठरवलं होतं. नवा कागद, आणि सुरुवात आमच्या घरापासून. हाताला जोर आला होता. आमचं घर, गयाबाईचं, पुढची नऊ. शाळेत पोरांना कधी दाखवलं नसेल इतकं चांगलं काढलं. आणि उजव्या बाजूला नालीची रेघ ओढली, जाड, काळी, आणि थांबलो. मला बरं वाटत होतं. आता कळू दे म्हटलं, गल्ली कुठं संपते ते.

वहिनींनी दिलेला चहा घेऊन आक्का शेजारी येऊन उभी राहिली. बराच वेळ तिने बोट फिरवलं. मग म्हणाली, "अन् राधाकाकू कुठंय?"

"तिनं आपल्याला कोणी न्हाई म्हणलं होतं," मी म्हणालो. "मी तिथं उभा होतो, आक्का. माझ्यादेखत म्हणली."

"ती म्हणली. आपण कवा म्हणलं?"

आक्का बोलत राहिली, शांतपणे, चहा फुंकत. "माझ्या पहिल्या बाळंतपणात घरात तूप नव्हतं. तिनं आणलं. नालीवरल्या दगडावर ठिवलं, हाक मारली अन् मागं सरली. हातात न्हाई दिलं. ते मी मरेस्तोर इसरणार न्हाई. अन् तूप खाल्लं, ते बी इसरणार न्हाई. तिला काढ. अन् तो दगड काढ."

दगड. मला तो आठवतच नव्हता. लहानपणी त्याच्यावरूनच तर उड्या मारल्या असतील, पण केवढा, कसा, काही डोळ्यासमोर येईना. आक्काला आठवत होता, पण तिला सांगता येईना. हाताने दाखवायची आणि 'असा न्हाई' म्हणून मोडायची. मी दत्ताचे फोटो काढून बसलो. शेवटी त्याच्या स्टुलावर बसलो. आमच्या घराच्या फोटोत (फोटो समोरून, म्हणून डावं-उजवं उलटं) डाव्या काठाला, खाली, एक दगड अर्धा कापला गेलेला होता. दत्ता असा कधी काठ कापत नसे. वांग्याचं देठ कापलं गेलं तरी तो फोटो फेकून द्यायचा. मग मी वहिनींकडून जुन्या गल्लीच्या फोटोंची पेटी मागवली आणि राधाकाकूंचा ओट्यावरचा फोटो शोधला. तो त्याने नंतर परत जाऊन काढलेला असावा, कारण काकूंच्या अंगावर वेगळं लुगडं होतं. उजव्या काठाला, खाली, दगडाचा दुसरा अर्धा भाग.

दोन्ही फोटो टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, सरकवले, काठाला काठ लावला. दगड पुरा झाला. मधे खोलगट, पाटा झिजतो तसा. एका बाजूला काकूंची पायरी, दुसऱ्या बाजूला आमचं अंगण. आक्का म्हणाली, "हा. हाच."

आता नकाशा निम्म्याहून जास्त झालाय. दगड मधे आलाय, त्याच्या डावीकडे आम्ही, उजवीकडे राधाकाकू, कलईवाला, बकरी, रशीदचाचा. हात चालतोय, पण जीव काही थाऱ्यावर नाही. गाढवा, एवढं सगळं जुळवून ठेवलं होतंस, तर एकदा मला दाखवायचं तरी, असं मी त्या रिकाम्या स्टुडिओत मोठ्याने म्हणालोसुद्धा. दाखवायला तो आलाच होता. पाकीट मी उघडलं नव्हतं.